घंदूरची पाठ, माझं वजन आणि तुझी पाटी

शुब्रा, कैरो
शनिवार, १३ डिसेंबर

प्रिय फिक्री,

शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, अबूसीरच्या तुझ्या तबेल्यात, फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला, तू स्वतःच्या हातानं रंगवलेल्या पाटीखाली, तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला हिरव्या चाऱ्याच्या काट्यावर उभं करून तोलण्यात आलं. घड्याळ मी स्वतः पाहिलं. साक्षीला चार माणसं, सहा घोडी आणि एक गाढव होतं. त्यातल्या त्यात गाढवानंच नजर दुसरीकडे वळवली.

पण आधी रीत. तुझा गुडघा कसा आहे? अलेक्झांड्रियाची दमट हवा गुडघ्याला मानवत नाही हे मी तुला निघायच्या आधी तीनदा सांगितलं होतं, आता दुखत असेल तर मला सांगू नकोस. मरियमला आणि तिच्या बाळाला माझे आशीर्वाद. बाप्तिस्म्याला मी का आले नाही हे तुला ठाऊक आहे (तुझ्या विहीणबाई). देव तुला दीर्घायुष्य देवो, निदान या पत्राचं उत्तर लिहून होईपर्यंत तरी. फोन तू उचलत नाहीस. आठ दिवसांत मी अकरा वेळा केला. शेवटी कागद घेतला. कागद वाजत नाही, त्यामुळे तो बंदही करता येत नाही.

आता त्या पाटीबद्दल. ‘स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असता कामा नये. अपवाद नाही.’ अक्षर सुंदर आहे, ते आपल्या वडिलांचं घेतलंस. पण ‘अपवाद नाही’ याच्याखाली दोन रेघा ओढल्यास, त्या कुणाला डोळ्यांसमोर ठेवून? तुझ्याकडे येणारी बाकीची सगळी कॉलेजातली काटकुळी पोरंपोरी. त्यांना दोघादोघांना एका घोड्यावर बसवलं तरी घोडा मागं वळून विचारेल, बसलात का म्हणून. म्हणजे या दोन रेघा एकाच माणसासाठी होत्या, आणि ते माणूस त्या दिवशी बूट घालून, गाजरं घेऊन, हसतमुखानं फाटकातून आत येत होतं. पाटी लावून चार दिवसांत तू अलेक्झांड्रियाला पळालास, हाही योगायोगच म्हणायचा.

तबेला सांभाळणारा तुझा बय्यूमी दाराशीच उभा होता. वीस वर्षं ओळखते मी त्याला. त्याच्या दोन्ही मुलींच्या लग्नात मी नाचले आहे. (बसून, पण नाचले.) म्हणाला, “मॅडम ओदेत, तुमच्या पायांची धूळ माझ्या डोक्यावर, पण डॉक्टर फिक्रीसाहेबांचा हुकूम आहे.” आणि काट्याकडे बोट केलं. मी म्हटलं, बय्यूमी, हा चाऱ्याचा काटा आहे. तो म्हणाला, “हो, पण घाबरू नका, मजबूत आहे.”

मी चढले. त्यानं काटा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग पार मागच्या खजुरीच्या बागेत पाणी देणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारला, आणि लगेच म्हणाला, “माशाल्ला!” आकडा मोठा निघाला तर नजर लागू नये म्हणून माशाल्ला म्हणायचं, ही भावना चांगलीच, मी कुठे नाही म्हणते? पण तो शब्द मी आजवर बाळांच्या गालांसाठी आणि बाजारातल्या म्हशींसाठी ऐकला होता, आणि माझे गाल बाळासारखे राहिलेले नाहीत. मग मी बॅग खाली ठेवली, कोट काढला, बूट काढले, हातातली गाजरंही बाजूला ठेवली. तेव्हा चौऱ्याऐंशी किलो भरले. (आधीचा आकडा मी लिहीत नाही. तो बय्यूमीला, देवाला आणि बागेतल्या लोकांना माहीत आहे.) चौऱ्याऐंशीलाही माशाल्ला झालंच. आणि हे सगळं उपवासाच्या दिवसांत! नाताळचा उपवास सुरू होऊन दहा दिवस झाले होते, दूध, अंडी, मांस काहीही मी शिवलेलं नव्हतं. फक्त मासे, भाकरी, तामियाचे वडे आणि तिळाच्या ताहिनीचा हलवा. हलव्यात जे काही आहे ते सगळं झाडावर येतं, मग अंगावर का यावं?

मग त्यानं घोड्याच्या, माझ्या घंदूरच्या, छातीभोवती तुझी टेप गुंडाळली. घेर एकशे बहात्तर, लांबी दीडशे. तू भिंतीवर लिहून ठेवलंयस त्याप्रमाणे घेराला घेरानं गुणलं, मग लांबीनं गुणलं, मग त्या भल्यामोठ्या आकड्यानं भागलं. घोडा तीनशे चौऱ्याहत्तर किलो. पाचवा हिस्सा चौऱ्याहत्तर किलो आठशे ग्रॅम. खोगीर नऊ किलो. उरले पासष्ट किलो आठशे. म्हणजे कागदोपत्री घंदूरवर मी सुमारे कमरेपर्यंत बसू शकते.

अकरा वर्षं, फिक्री. अकरा वर्षं दर शुक्रवारी आठ ते नऊ मी आणि घंदूर खजुरीच्या बागेतून निघून वाळूच्या कडेकडेनं जात आलो. सरकारी नोकरीची शेवटची पाच वर्षं आणि निवृत्तीनंतरची सहा. आठवड्यात तेवढा एक तास मला कुणी उलट उत्तर देत नाही. तो एक तास तू पाटी रंगवून काढून घेतलास. माझं एवढंच म्हणणं आहे, तो मला परत हवा.

आणि पाठीच्या गोष्टी तू कुणाला सांगतोस? तू पाच वर्षांचा होतास आणि मी आठ, तेव्हा शुब्राच्या घराच्या लांब बोळातून मी तुला पाठीवर घेऊन रोज संध्याकाळी दहा-दहा फेऱ्या मारत असे. मी चोवीस किलो, तू अठरा. पाचवा हिस्सा काढ जरा. तू तर टाचाही मारायचास! तेव्हा कुणी माझ्या छातीचा घेर मोजला नाही की भिंतीवर पाटी लावली नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर क्लोतिल्द आम्हाला सांगत की सभ्य मुलीला वजन नसतं, फक्त चाल असते. डोक्यावर फ्रेंच शब्दकोश ठेवून आम्हाला व्हरांड्यातून चालवत. मी चाल सांभाळली, बाकीचं मदर क्लोतिल्दनी सांगितलंच नव्हतं.

पण तोललं जाणं मी सहन केलं असतं. खरा घाव पुढे आहे.

मी एकटी नव्हते. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मादाम नेवीन राहायला आल्या आहेत. बावीस वर्षं मॉन्ट्रियलला राहून परतल्या, एक्कावन्न किलो, सगळे मिळून. मीच त्यांना बरोबर घेऊन आले होते. हेतू स्वच्छ होता, त्यांनी माझा घोड्यावरचा फोटो काढावा. तर मी बूट चढवत बसले होते, आणि त्या घंदूरच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, “काय डोळे आहेत ओदेत! किती सुंदर घोडा!” आता माझ्या जिवाची काय अवस्था होती ती बाजूला ठेव. आपल्या आईनं आपल्याला वाढवलंय. कुणी आपल्या वस्तूची स्तुती केली की तोंडातून जे बाहेर पडतं तेच पडलं. मी म्हटलं, “तुमचाच आहे, घ्या.”

आणि तिनं घेतला!

“मर्सी, हबीबती,” म्हणाली, रिकिबीत पाय घातला आणि बसली.

फिक्री, सत्तर वर्षं होत आली मला या शहरात. मेट्रोत समोरचा माणूस भाकरीत तामिया भरून खात असतो, आपली नजर पडली की “घ्या ना” म्हणतो, म्हणून आपण तोंड पुढे करून घास तोडतो का? तुझ्या बायकोच्या दिवाणखान्यातल्या पडद्यांना मी छान म्हटलं, तेव्हा ती “घेऊन जा, तुमचेच आहेत” म्हणाली. मी स्टुलावर चढून पडदे उतरवले? एकानं ‘घ्या’ म्हणायचं, दुसऱ्यानं ‘छे, तुमच्याकडेच शोभतो’ म्हणायचं, आणि दोघांनी आपापल्या घरी जायचं. एवढं सोपं आहे. बावीस वर्षं बर्फात राहून तिच्या डोक्यातलं तेवढंच गोठलं. मी तोंड उघडं टाकून उभी, एका पायात बूट, आणि घंदूर फाटकाबाहेर!

मी बय्यूमीकडे पाहिलं. तो म्हणाला, “तुम्हीच तर दिलात, मॅडम.” मी म्हटलं, अरे, ते बोलण्याची रीत म्हणून. तो म्हणाला, “मला वाटलं, तुमचं मन मोठं आहे.” मग काट्याकडे पाहून म्हणाला, “माशाल्ला.” तिसऱ्यांदा.

त्या क्षणी माझ्यातली निरीक्षक जागी झाली. बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली. भाजीवाले, खाटीक, सोनार, माझी सावली कोपऱ्यावर दिसली की काटे पुसायला घेत. मी गुडघ्यांवर बसून तुझ्या काट्याच्या बुडाशी पाहिलं, तर तपासणीचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा! शिक्का शिळा म्हणजे तोल खोटा, आणि तोल खोटा तर मी चौऱ्याऐंशी किलो नाहीच. मी तिथल्या तिथे काट्याला सुतळी गुंडाळली, गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलं आणि त्यावर माझी अंगठी दाबली. (निवृत्त निरीक्षकाला काटा सील करता येतो का, हे बय्यूमीनं विचारलं नाही. तूही विचारू नकोस.) आठवडाभर त्यानं घोड्यांना चारा अंदाजानं घातला. काटा उघडायची त्याची हिंमत झाली नाही, एवढा मान अजून आहे.

काल शुक्रवारी मी अब्दुल मौजूदना घेऊन गेले. माझे जुने सहकारी, गंभीर माणूस, इतक्या वर्षांत त्यांना मी एकदाच हसताना पाहिलं, ते कालच. तपासणीची पितळी वजनं लाकडी पेटीत ठेवून, पेटी मांडीवर घेऊन ते सबंध वाट टॅक्सीत ताठ बसले होते. सील तोडलं, वजनं एकेक करून चढवली, वहीत लिहिलं, चष्मा पुसला. म्हणाले, “मॅडम ओदेत, तुमचा संशय बरोबर आहे. काटा चुकीचा आहे.” मी बय्यूमीकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. “साडेतीन किलो कमी दाखवतो,” अब्दुल मौजूद म्हणाले.

साडेसत्त्याऐंशी. आणि या वेळी माशाल्ला एकट्या बय्यूमीनं म्हटलं नाही.

काटा कमी दाखवतो म्हणजे घोड्यांनाही आजवर ठरल्यापेक्षा जास्तच चारा मिळत होता, हे मी तेवढ्यात ताडलं. पुन्हा टेप लावायला लावली. घंदूरचा घेर एकशे चौऱ्याहत्तर झाला होता! आठवडाभर अंदाजानं घातलेला चारा बय्यूमीनं सढळ हातानं घातला, देव त्याचं भलं करो. घोडा तीनशे ब्याऐंशी. माझ्या वाट्याला दीड किलोच्या वर वाढले, आणि साडेतीन गेले. मी हिशोब तिथेच वाळूत मांडला. माझे साडेसत्त्याऐंशी, खोगिराचे नऊ, गुणिले पाच. घंदूर चारशे ब्याऐंशी किलो पाचशे ग्रॅम व्हायला हवा, म्हणजे अजून शंभर किलो. मी बय्यूमीला विचारलं, जमेल का? तो म्हणाला, “जमेल मॅडम, पण मग तो फाटकातून बाहेर जाणार नाही.” तुझं उत्तरही मला माहीत आहे. तू म्हणशील, घोड्याची चरबी हे त्याच्या पाठीवरचं आणखी एक ओझं, ती धरायची नसते. माझी चरबी मात्र तू ग्रॅमपर्यंत धरतोस.

एवढ्यात आठ वाजले आणि मादाम नेवीन आल्या. बय्यूमीच्या वहीत लिहिलेलंच होतं, ‘शुक्रवार आठ ते नऊ, घंदूर, मादाम नेवीन.’ माझं नाव खोडलेलंसुद्धा नाही, त्याच्यावरच लिहिलंय. त्या घंदूरवर बसल्या आणि गेल्या. मी पाहिलं नाही. मी पाठ करून उभी राहिले आणि अब्दुल मौजूदना पितळी वजनं पुसायला मदत केली.

तेव्हा माझं म्हणणं असं. पाटी उतरव. उतरवायची नसेल तर निदान ‘अपवाद नाही’ पुसून तिथे ‘अपवाद एक’ लिही, नाव लिहायची गरज नाही, सगळ्यांना कळेल. वहीतली आठ ते नऊची जागा माझ्या नावावर परत कर. बोलण्याची रीत म्हणून दिलेला घोडा हा दिलेला घोडा नव्हे, हे तू मालक म्हणून बय्यूमीला आणि मादाम नेवीनना लेखी कळव. आणि बय्यूमीला सांग, माणसांचे आकडे यापुढे कानात सांगायचे.

तुझी थोरली बहीण,
ओदेत लबीब
(निवृत्त वरिष्ठ निरीक्षक)

ता. क. वर जे ‘मी पाहिलं नाही’ लिहिलंय ते खोटं आहे. खोडून पत्र घाण करायचं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. मी पाहिलं. पितळी वजनात सगळं दिसतं, आणि मग मी वळलेच. घंदूर फाटकातून बाहेर पडला आणि पळाला, फिक्री. शेपूट वर, कान पुढे, आणि त्या पहिल्या खजुरीपाशी त्यानं दोन्ही मागचे पाय हवेत झाडले, लहान शिंगरासारखे, निव्वळ मजेखातर. नेवीन किंचाळली, मला बरं वाटलं, पण त्यासाठी मी पाहत नव्हते. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की घंदूर विचारी घोडा आहे. प्रत्येक खजुरीपाशी थांबतो, निसर्ग पाहतो. मी चढले की एक लांब हुंकार देतो, ते त्याचं मला सलाम करणं. बय्यूमीलाही मी हे सांगितलं होतं. तो नेहमी म्हणायचा, “हो मॅडम, तुमच्यावर फार जीव आहे त्याचा.” बय्यूमी सभ्य माणूस आहे.

दुसरा ता. क. परतल्यावर खोगीर उतरवलं, तेव्हा मी गाजरं द्यायला गेले. तांबड्या पाठीवर, खोगीर दाबतं तिथेच, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे दोन डाग आहेत, माझ्या तळहाताएवढे. मी आजवर ते सौंदर्य समजत होते. हात ठेवला तर कातडी हाताखाली आक्रसली. गाजर मात्र त्यानं माझ्याच हातातून खाल्लं, नेवीन साखर घेऊन उभी असताना. तेव्हा पाटी उतरवू नकोस. रेघा दोनच्या तीन कर, आणि फाटकात शिक्का असलेला काटा ठेव. त्याच्यावर उभं करायला तुला जाणकार माणूस लागेल. बय्यूमी आकडे ओरडतो. मी दर शुक्रवारी मोकळीच असते.

तिसरा ता. क. खरं काम हे आहे. आठ ते नऊ नेवीनला राहू दे, तिला लिहायचं ते पत्र लिहू नकोस. घोडा पळतोय तर पळू दे. पण त्याआधीचा एक तास, सात ते आठ, वहीत माझ्या नावावर लिही. खोगीर नको. मी त्याला दोर धरून खजुरीच्या बागेतून चालवेन, दोघं पायी. परत आल्यावर खरारा मी करेन, ब्रश कालच विकत घेतला. वाटेत तो कुठल्याही झाडापाशी थांबला तरी माझी हरकत नाही. मीही थांबेन, मला तर दम लागणारच आहे. वहीत नुसतं ‘ओदेत, घंदूर, चालणं’ एवढंच लिहायला सांग. किलो लिहायचे नाहीत.

याचं लेखी उत्तर, तुझ्या सहीचं, गुरुवार १८ डिसेंबरला दुपारी बारापर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. बारा वाजून एक मिनिटानं मी नकार आला असं समजेन, आणि शुक्रवारी सात वाजता तरीही येईन.